रूथमावशीचा द्राक्षरस

नाशकात द्राक्षं, परीक्षा आणि आमचा उपवासकाळ हे तिन्ही एकाच सुमाराला येतात. शाळा सुटते तेव्हा माझ्या स्कूटरच्या डिकीत उत्तरपत्रिकांचा गठ्ठा असतो, नाशिक रोड स्टेशनकडे जाणाऱ्या रस्त्याला द्राक्षांच्या हातगाड्या लागलेल्या असतात, आणि संध्याकाळी कुणाच्या ना कुणाच्या घरी प्रार्थनेला पोचायचं असतं. ईस्टरच्या आधीचे हे सहाएक आठवडे आमची मंडळी रोज एका घरी जमते. बाहेर चपलांचा ढीग, आत सतरंजीवर मांडीला मांडी लावून बसलेली माणसं, दोन गाणी, एक वाचन, चार प्रार्थना आणि शेवटी चहा. उन्हाची पहिली झळ याच दिवसांत लागते. पंखा फिरत असतो पण वारा देत नाही, आणि मी डोळे मिटून विज्ञानाच्या पेपरातली अचाट उत्तरं आठवत बसते.

आज रस्त्यात यंदाची पहिली काळी द्राक्षं दिसली. हिरवी जानेवारीपासून असतात, त्यांचं एवढं अप्रूप नाही. काळी मात्र क्रेटमध्ये कागदाखाली झाकून ठेवलेली, अंगावर तो पांढुरका थर तसाच असलेली. गाडीवाल्याने एक मणी तोडून पुढे केला. "खाऊन बघा मॅडम, साखर हाय नुसती." खाल्ला, साखरच होता. तरी घेतली नाहीत. काळी द्राक्षं घ्यायचा दिवस आमच्या घरी ठरलेला असतो आणि तो मी ठरवत नाही, रूथमावशी ठरवते.

रूथमावशी माझी मावशी नाही. मिशनच्या दवाखान्यात ती आयुष्यभर सिस्टर होती, निवृत्त होताना मेट्रन होती, आणि तिच्या चालण्यावरून ती अजून मेट्रनच आहे असं वाटतं. लग्न केलं नाही. पांढरी साडी, घट्ट अंबाडा, मनगटाच्या आतल्या बाजूला घड्याळ. उपदेश लांबला की ती ते मनगट वर करून बघते, पाळकसाहेबांना नीट दिसेल असं. मंडळीत नवी सून आली आणि तिने प्रार्थनेनंतर हौसेने चहा आणून दिला, तर रूथमावशी एक घोट घेऊन कप खाली ठेवते आणि विचारते, चहा करायला घरी कुणी शिकवलं नाही का. कुणी आजारातून उठून देवळात आलं की बाकीचे देवाचे उपकार मानतात. ही मात्र विचारते की गोळ्या वेळेवर घेतल्या असत्या तर आजारी पडला असतास का. आमची म्हातारी माणसं चर्चला देऊळच म्हणतात. तर त्या देवळात तिसऱ्या बाकावर, खिडकीशी, तिची जागा आहे. त्या बाकावर तिच्या शेजारी सहसा कुणी बसत नाही.

पण द्राक्षरस तिचा. प्रभुभोजनाला भाकरीचा तुकडा आणि द्राक्षरसाचा एक घोट मिळतो, आणि तो रस आमच्याकडे दुकानातून येत नाही. द्राक्षाच्या गावात राहून बाटली विकत आणायची म्हणजे काय, असं आमच्या आज्यांचं म्हणणं होतं. ते काम कधी काळी रूथमावशीकडे आलं आणि तिने ते दुसऱ्या कुणाच्या हाती जाऊ दिलं नाही. मदतीला गेलेल्या बायकांना ती आधी नखं दाखवायला सांगायची. मग कोपरापर्यंत हात धुवायला लावायची. मग म्हणायची, तुम्ही बसा, मी करते. महिला मंडळातल्या दोघीतिघी डोळे पुसत परत आल्या आणि त्यानंतर कुणी गेलं नाही.

आमच्याकडे प्रेम कमी म्हणतात, प्रीती जास्त म्हणतात. शेजाऱ्यावर प्रीती करा, वैऱ्यावर प्रीती करा. मी हे लहानपणापासून ऐकत आले आहे आणि मला नेहमी वाटतं, वैऱ्यावर प्रीती करणं त्यातल्या त्यात सोपं आहे. आमच्यासारख्या नोकरी करणाऱ्या, हप्ते फेडणाऱ्या माणसांना वैरी असतात कुठे? त्यामुळे प्रार्थनेत वैऱ्यांची आठवण काढायला काही लागत नाही. खरी पंचाईत तिसऱ्या बाकावरच्या बाईची आहे. ती वैरी नाही. ती प्रत्येक रविवारी येते, सगळ्यांच्या आधी येते, आणि आपल्या ब्लाउजचा रंग साडीला जात नाही हे आपल्याला सांगते.

मला तिचा राग येण्याचं कारण मात्र ब्लाउजएवढं लहान नव्हतं.

माझे वडील गेले ते एका सकाळी. छातीत जळजळतंय म्हणाले. त्यांना पित्ताचा त्रास नेहमीचा, म्हणून आईने ओवा चावायला दिला, थंड दूध दिलं, पाठीवर हात फिरवत बसली. मग घाम फुटला तेव्हा शेजारच्या रिक्षातून मिशनच्या दवाखान्यात नेलं. फार उशीर झाला होता. दफनानंतर घरी प्रार्थनेला सगळी मंडळी जमली होती. दोन्ही खोल्या भरल्या होत्या, माणसं जिन्यापर्यंत बसली होती. आणि त्या गर्दीत रूथमावशी आईला म्हणाली, "छातीत दुखतंय म्हटल्यावर ओवा कोण देतं, कमल? अर्धा तास आधी आणलं असतंस तर आज तो इथे बसला असता."

 आई भिंतीला टेकून बसली होती, ती तशीच बसून राहिली. नंतर कितीतरी महिने ती ओव्याची बरणी हातात घेऊन स्वयंपाकघरात उभी असलेली मला दिसायची.

आई आणि रूथमावशी त्याआधी मैत्रिणी होत्या, हे सांगायला हवं. दोघी चांदवडकडच्या, एकाच वसतिगृहात वाढलेल्या. मावशीचं बोलणं आईला कधी लागत नसे. आई म्हणायची, ती जन्मली तेव्हाच कुणाच्या तरी चुका काढत जन्मली असेल. पण त्या दिवसानंतर बोलणं बंद झालं. आईने भांडण केलं नाही, गाऱ्हाणं केलं नाही, फक्त बोलायची थांबली. मी एकदा चिडवलं की माफ कर म्हणून रोज प्रार्थना करतेस आणि इथे काय, तर म्हणाली, मी माफ केलंय तिला, फक्त बोलत नाही.

आणि त्या दिवसापासून रूथमावशीने प्रभुभोजन घेणं सोडलं. हे बऱ्याच जणांच्या उशिरा लक्षात आलं. ज्याच्याशी बिनसलं आहे त्याच्याशी मिटवल्याशिवाय वेदीपाशी यायचं नाही, हे आम्हाला सगळ्यांना शिकवलेलं असतं. बहुतेक जण ते ऐकतात आणि तरी रांगेत उभे राहतात, कारण एवढं काटेकोर वागायचं ठरवलं तर वेदीपाशी पाळकसाहेबसुद्धा उरायचे नाहीत. रूथमावशी मात्र बसून राहायची. रस तिने केलेला, प्याला तिने घासलेला, वेदीवरचं कापड तिने इस्त्री केलेलं, आणि घोट सगळ्यांनी घ्यायचा, तिने सोडून. माझ्या मते तो निव्वळ ताठा होता. एक शब्द बोलली असती तर मिटलं असतं. पण आपण खरं तेच बोललो असं तिला वाटत होतं, आणि खरं बोलल्याबद्दल माफी मागणं तिच्या स्वभावात नव्हतं. तिला ढोंग करता येत नाही एवढं मात्र मला तेव्हाही मान्य होतं.

ज्या हंगामाबद्दल मी सांगते आहे तो कोरोनानंतरचा. तोंडावरचे मास्क नुकतेच उतरले होते. एकाच प्याल्यातून सगळ्यांनी पिण्याची जुनी पद्धत जाऊन छोटे छोटे ग्लास आले होते, औषधाच्या मापाएवढे. रूथमावशी त्या साथीत तापाने चांगलीच आजारी पडून उठली होती. डोळ्यांत मोतीबिंदू उतरला होता आणि ऑपरेशनचं नाव काढलं की ती डॉक्टरांच्याच चुका सांगायची. नाताळला तिच्या हातून ट्रे निसटला, ग्लास फुटले. जानेवारीत एक बाटली आंबलेली निघाली. मंडळीचा कारभार पाहणाऱ्या पंच कमिटीचे सेक्रेटरी डेव्हिडभाऊ सगळ्यांना सांगत होते की आता बाईंकडून काम काढून घ्यायला हवं. सगळ्यांना म्हणजे रूथमावशी सोडून. शेवटी त्यांनी ते पाळकसाहेबांवर ढकललं. पाळकसाहेब वयाने लहान, बोलायला मऊ. त्यांनी गोल गोल शब्दांत विषय काढला, तर मावशी म्हणाली, "माझी एक चूक दाखवा, त्याच क्षणी देवळातल्या ग्लासांच्या कपाटाची चावी तुमच्या टेबलावर ठेवते." फुटलेले ग्लास आणि आंबलेली बाटली ती चुकीत धरत नव्हती. ट्रे बुळबुळीत होता आणि लाइट गेल्याने फ्रिज बंद पडला होता.

ती असं म्हणाली म्हणजे तसं करणार, हे सगळ्यांना ठाऊक होतं. त्या चावीखेरीज तिच्याकडे होतं तरी काय? दवाखाना सुटला होता, बहीणभाऊ देवाघरी गेले होते, मैत्रीण बोलत नव्हती. सकाळी उठून कशासाठी तयार व्हायचं, तर त्या कपाटासाठी.

पवित्र गुरुवारी संध्याकाळी उपासना असते. येशूने शिष्यांबरोबर शेवटचं जेवण केलं त्या दिवसाची ती आठवण, म्हणून त्या दिवशी प्रभुभोजन चुकवत नाहीत. देऊळ भरलेलं होतं. खिडक्या उघड्या, बाहेर कडुलिंबाचा मोहोर गळत होता, त्याचा कडवट गोड वास आत येत होता. आमच्याकडे आधी पाळक घेतात, मग म्हातारी माणसं, मग बाकीचे. पाळकसाहेबांनी ग्लास तोंडाला लावला आणि ते थांबले. फार नाही, आवंढा गिळायला लागतो त्याहून थोडं जास्त. मग त्यांनी ग्लास खाली ठेवला आणि ट्रे घेऊन पुढे आले.

पहिल्या रांगेत आई होती, तिच्या गुडघ्यांमुळे तिला पुढे बसवतात. मी तिच्या मागेच. आईने घेतलं, हात जोडले, मान खाली घातली. मग माझी पाळी आली. मिठाचं पाणी होतं ते. द्राक्षाचा रंग, द्राक्षाचा वास, आणि जिभेवर मीठ, जाड, घशापर्यंत ओरखडे काढणारं. माझ्या डोळ्यांत पाणी आलं आणि बघणाऱ्याला ती भक्ती वाटली असेल. मी गिळलं. वेदीच्या कठड्याशी गुडघे टेकलेल्या एकेका माणसाकडे मी बघत होते. प्रत्येक जण ग्लास तोंडाला लावायचा, एकदा मान वर करायचा, आणि परत खाली घालायचा. डेव्हिडभाऊंना रक्तदाबासाठी मीठ बंद आहे, त्यांनीही गिळलं. कुणी खोकलं नाही, कुणी तोंड वाकडं केलं नाही. तिसऱ्या बाकावर रूथमावशी ताठ बसून होती आणि कुणी ग्लास तिरका तर धरत नाही ना, हे पाहत होती.

उरलेला रस टाकायचा नाही, पाळकांनीच संपवायचा, असा आमचा नियम आहे. त्या दिवशी बराच उरला होता. पाळकसाहेब वेदीकडे तोंड करून तो संपवत होते तेव्हा मला त्यांची खरोखर दया आली.

बाहेर आल्यावर मात्र सगळ्यांच्या जिभा सुटल्या. मावशी आत ग्लास धूत होती आणि अंगणात कुजबुज चालू होती. काय झालं असेल हे ओळखायला फार डोकं लागत नव्हतं. बाजारच्या द्राक्षांवरची फवारणी जावी म्हणून ती मिठाच्या पाण्यातून धुतात. त्यासाठी जाडं मीठ ओट्यावर काढलेलं असणार, साखर शेजारीच, आणि मोतीबिंदूने दोन्ही सारखीच पांढरी दिसली असणार. यात नवल नव्हतं. तिने चाखून कसं पाहिलं नाही, एवढंच कळत नव्हतं. डेव्हिडभाऊंनी तिथेच तोडगा काढला. बाईंना काही सांगायचं नाही. उगाच म्हातारपणी दुखवायचं कशाला. ईस्टरनंतर एका रविवारी त्यांचा सत्कार करू, शाल देऊ, गुच्छ देऊ, इतक्या वर्षांच्या सेवेबद्दल चार शब्द बोलू, आणि काम महिला मंडळाकडे देऊन टाकू. सगळ्यांना ते पटलं. मलाही पटलं. ज्या बाईने माझ्या आईला भरल्या घरात तसं ऐकवलं तिला एवढ्या सन्मानाने निरोप मिळतोय म्हणजे आम्ही फारच मोठ्या मनाचे आहोत, असं मला वाटलं.

 घरी येऊन आई तांब्याभर पाणी प्यायली. दुसऱ्या दिवशी उत्तम शुक्रवार, म्हणजे गुड फ्रायडे, भर दुपारची तीन तासांची उपासना. संध्याकाळी मी तिला डेव्हिडभाऊंच्या सत्काराचं परत सांगितलं, तर तिची भाषा एकदम गावाकडे वळली. रागावली की तसं होतं.

"हे काय बरं नाय," ती म्हणाली. "शाल घालून घराबाहेर काढायचं आन वर टाळ्या वाजवायच्या. ती काय लहान पोर हाय का? सगळे तिच्यामागं हसणार, आन तिला एकटीलाच म्हाईत नसणार."

मी म्हटलं, मग काय, तोंडावर सांगायचं? ती चावी टाकून देईल. आई म्हणाली, देईल. मी म्हटलं, आणि तुला काय तिचा एवढा पुळका? तिने तुला काय म्हटलं होतं ते विसरलीस का?

आई पदराच्या टोकाशी चाळा करू लागली. मग म्हणाली, "ती बोलली ते खरंही असेल. मला काय ठाऊक. पण तिनं ते चार माणसांत बोलायला नको होतं. माझ्याकडं एकटी आली असती तर मी तिच्याच गळ्यात पडून रडले असते. उद्या मला तिच्याकडं घेऊन चल."

तेव्हा मला कळलं की आई इतकी वर्षं नेमकं काय धरून बसली होती.

शनिवारी सकाळी गेलो. रूथमावशीचं घर तळमजल्यावर, पुढे फरशी टाकलेला छोटा ओटा, तुटक्या बादलीत लावलेला कढीपत्ता. दार तिनेच उघडलं. आईला पाहून ती बाजूला झाली नाही, दारातच उभी राहिली.

"काय काम काढलंस?"

"आत तर येऊ दे. गुडघे दुखतात माझे."

ती बाजूला झाली. आम्हाला बसा म्हणाली नाही, पण खुर्चीवरचं वर्तमानपत्र उचललं. आईने वेळ घालवला नाही. खाली बसली, श्वास घेतला आणि सांगितलं की गुरुवारचा रस खारट होता, साखरेऐवजी मीठ पडलं होतं. आवाज चढवला नाही, हळूही केला नाही.

"कोण म्हणतं?"

"मी म्हणते. मी प्यायले."

मावशी वळली आणि स्वयंपाकघरात गेली. देवळात न नेलेल्या बाटलीत थोडा रस शिल्लक होता तो कपात ओतून तिथेच उभ्या उभ्या प्यायली. मला दारातून तिची पाठ दिसत होती. ती थांबली, परत ओतला, परत प्यायली. तो मिठाचा रस तिने पाण्यासारखा पोटात घातला आणि बाहेर येऊन आईच्या समोर बसली.

"मला काहीच लागत नाही," ती म्हणाली. "त्या तापात तोंडाची चव गेली ती आलीच नाही. भाजीत मीठ चमच्याने मोजून टाकते. चहात साखर आहे का नाही, कळत नाही."

आईने विचारलं, कुणाला सांगितलं नाहीस? मावशी म्हणाली, कुणाला सांगणार. तक्रार नव्हती त्यात, ती खरंच आठवत होती की असं सांगता येईल असं कोण आहे.

मग ती एकेक विचारत गेली. सगळ्यांनी घेतला? सगळ्यांनी. पाळकांनीसुद्धा? उरलेलासुद्धा त्यांनीच. आणि कुणी काही बोललं नाही? नाही बोललं. मला घाबरतात, ती म्हणाली. आई म्हणाली, घाबरतात. आणि थोडं वाईटही वाटतं त्यांना तुझं. यावर मावशीचा चेहरा असा झाला की मीठ तिला आता कुठे लागलं असं वाटावं. तिची कीव केलेली तिला मुळीच सहन होत नाही.

"मग तू का आलीस सांगायला?"

"माझ्याबद्दल कुणाला काही बोलायचं असेल तर त्यानं मला एकटीला येऊन सांगावं, असं मला वाटतं," आई म्हणाली. "म्हणून आले."

माझ्यासमोर त्या दोघी त्या दिवसाबद्दल एवढंच बोलल्या. मावशीने मान खाली घातली नाही. ती खिडकीतून बाहेर बघत राहिली. मग ती उठली, येशूच्या तसबिरीमागून कपाटाची चावी काढली आणि आईच्या पुढ्यात ठेवली. म्हणाली, पाळकांना दे. मी म्हटलं होतं, चूक दाखवा. तू दाखवलीस.

आईने चावीला हात लावला नाही. "चावी घेऊन मी काय करू? मला त्या ट्रेचं वजन तरी उचलवतंय का? रस तूच कर. मला चाखायला बोलावत जा."

मावशीने तिच्याकडे पाहिलं. मग माझ्याकडे पाहून, जणू मी इतका वेळ कामचुकारपणा करत बसले होते अशा आवाजात म्हणाली, "आज काळी द्राक्षं मिळतील का? उद्या ईस्टर आहे."

हंगाम उतरत आला होता. नाशिक रोडच्या गाड्यांवर नुसती हिरवी, तीही मऊ पडलेली. मी स्कूटर काढली आणि पंचवटीत भाजीबाजारापर्यंत गेले, तिथे एका बाईकडे काळी मिळाली. परत आले तर मावशीने पिशवीत डोकावून विचारलं की ही द्राक्षं आहेत की मनुका. मग माझी नखं बघितली. आईला केस बांधायला लावले, कोपरापर्यंत हात धुवायला लावले. मीठ वापरून झाल्यावर डबा उचलून बाहेरच्या ओट्यावर ठेवला. द्राक्षं हाताने चुरली, मंद गॅसवर ठेवली, सालं रंग सोडू लागली तशी घरभर दाट गोड वास पसरला, जो मावशीच्या नाकापर्यंत पोचत नव्हता. मलमलच्या फडक्यातून गाळताना तिचे हात अजून पक्के होते. आई स्टुलावर बसून चमच्याने चाखायची. साखर पडली की, अजून. परत पडली की, थोडी अजून. आता? आता पुरे. मावशीने दोनदा विचारलं, नक्की? आई म्हणाली, नक्की. मला त्या दुपारी भूक लागली होती आणि पेपर तपासायचे राहिले होते, पण मी निघूया म्हटलं नाही.

डेव्हिडभाऊंना आणि पाळकसाहेबांना आईने काय सांगितलं ते तिचं तिला ठाऊक. सत्काराचा विषय परत निघाला नाही. मावशीचं मोतीबिंदूचं ऑपरेशन पुढे झालं. आता तिला ब्लाउजचे रंग आणखी स्पष्ट दिसतात.

मला ती आजही आवडत नाही. हे मी लिहून ठेवते, कारण अशा गोष्टी सांगताना शेवटी सगळे एकमेकांना आवडू लागतात आणि ऐकणाऱ्याला वाटतं की प्रीती म्हणजे तेच. गेल्या महिन्यात प्रार्थना आमच्याकडे होती तेव्हा माझा चहा तिने अर्धा ठेवला. चव कळत नसताना. पण आवडणं आणि प्रीती ही एकच गोष्ट असती तर ती आम्हाला आज्ञा म्हणून सांगायची गरज पडली नसती, असं मला हल्ली वाटतं. जिलेबी खा म्हणून कुणी आज्ञा करत नाही. त्या शनिवारी आईला रूथमावशी आवडत होती असं मला वाटत नाही. एखाद्या मोठ्या माणसाला जे खरं आहे ते कळायला हवं, आणि ते ऐकताना त्याची मान खाली जाऊ नये, एवढं तिने सांभाळलं. तिला स्वतःला ते मिळालं नव्हतं, तरी तिने ते दुसऱ्याला दिलं. मी वर्गात पोरांच्या चुका सगळ्यांसमोर मोठ्याने वाचून दाखवायची, आणि वर्ग हसायचा. आता जवळ बोलावून सांगते. वेळ जास्त लागतो.

ईस्टरला पहाटे आम्ही आधी कबरस्तानात जमतो. अंधार पुरता सरलेला नसतो, प्रत्येक जण आपापल्या माणसाच्या कबरीवर फुलं ठेवतो, मेणबत्ती लावतो, आणि उजाडता उजाडता पुनरुत्थानाचं गाणं सुरू होतं. आई बाबांच्या कबरीशी उभी होती. रूथमावशी तिच्या माणसांच्या कबरींच्या ओळीतून निघाली आणि आमच्याकडे आली. बाबांच्या दफनानंतर ती तिथे कधी आली नव्हती. मी वाट पाहत होते. आता तरी एक शब्द बोलेल, निदान चुकलं म्हणेल, असं मला वाटत होतं आणि मला तो शब्द फार हवा होता. ती वाकून कबरीवरची फरशी बघायला लागली. मग म्हणाली, फरशीवाल्याने फसवलं तुम्हाला, उतार चुकलाय, पाणी साचत असेल. आई म्हणाली, हो, साचतं. मावशीने पदराने त्या खोलगट कोपऱ्यातला ओला पाला पुसून काढला, कंबर धरून उठली आणि पुढे चालायला लागली.

देवळात गेल्यावर मात्र ती तिसऱ्या बाकाकडे वळली नाही. प्रभुभोजनाची वेळ झाली, पाळकसाहेबांनी घोट घेतला आणि त्यांचा चेहरा सैल झालेला सगळ्या देवळाने पाहिला. म्हातारी माणसं कठड्याशी गेली. आई एका हाताने कठडा धरून गुडघे टेकत होती, तर दुसऱ्या बाजूने तिच्या कोपराला आधार देऊन रूथमावशीही खाली बसली. ट्रे तिच्यापाशी आला तेव्हा पाळकसाहेब क्षणभर थांबले, इतक्या वर्षांत तिथे थांबायची त्यांना सवय नव्हती. तिने ग्लास उचलला. सरळ धरला. प्यायली.

मग आईकडे कलून तिने विचारलं. हळू बोलायची तिला सवय नाही, त्यामुळे पहिल्या दोन रांगांना ऐकू गेलं.

"गोड आहे ना, कमल?"

"हो," आई म्हणाली. "गोड आहे."